पाच वावांचं घर

घर पडलं तेव्हा धडाड-धूम असा काही आवाज झाला नाही. तळ्याचं पाणी चढून मागच्या भिंतीला टेकलं आणि चिकट पाहुण्यासारखं बसूनच राहिलं. एका दुपारी सगळे जेवत असताना भिंत हळूच खाली बसली, तिच्या मागून छप्पर आलं. माणसं ताटं टाकून बाहेर पळाली म्हणून वाचली. पाणी ओसरलं तेव्हा पायाचे दगडसुद्धा गाळात कुठल्या कुठं गेले होते. जागेवर राहिला तो एकटा उंबऱ्याचा दगड, मधोमध झिजलेला.

त्या घरचा कर्ता ताड्या. आईबापांनी नाव चांगलं ठेवलं होतं म्हणे, पण तळ्यावर ते कोणाला आठवत नाही. माणूस ताडमाड उंच, हात खाली सोडले की गुडघ्याला लागतील असे, म्हणून ताड्या. दोर विकत आणायला घरातून नेहमी त्यालाच पाठवायचे, आणि दोरवाला त्याला लांबून येताना बघूनच कपाळाला हात लावायचा. धंदा मासे धरायचा, बापाचाही तोच. बाप आता म्हातारा झालेला, डाव्या अंगावरून वारं गेलेलं, डोळ्यांना अंधुक दिसायचं, शब्द जिभेत अडकत यायचे. म्हातारा, ताड्या, त्याची बायको आणि लहान पोरगी, सगळे पावसाळ्यापासून ताडपत्रीखाली राहत होते. एका अंगाला पालथी होडी, दुसऱ्या अंगाला बांबू. रात्री कूस बदलली की कोपर होडीवर आपटायचं.

गावाचा नियम असा, की तळ्याच्या काठाला नवं घर बांधायचं नाही. बांधायचं तर वर टेकाडावर. पण जुनं घर पडलं असेल तर त्याच जागी, त्याच मापाचं पुन्हा उभं करता येतं. त्यासाठी चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकायच्या, दोर बांधायचा, आणि गावची समिती पाहायला येईपर्यंत तो तसाच ठेवायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं, कोणाची हरकत असेल तर त्यानं सांगावी. शेजाऱ्याची हरकत आली की विषय संपला, चला टेकाडावर.

"टेकाडावर जाऊन काय करायचं?" बायको म्हणाली. "तिकडं मासे काय झाडाला लागतात?"

ते तर होतंच. होडी आणि जाळी इथं उघड्यावर टाकून वर झोपायचं म्हणजे सकाळी दोन्हींचा पत्ता नसायचा. आणि म्हाताऱ्याला तो चढ चढवून नेला असता, तर तो पुन्हा खाली उतरला नसता. पाण्याचा वास आला नाही तर त्याला घासही जात नव्हता.

"बाबा, आपलं घर किती होतं हो?" ताड्यानं विचारलं.

"उंबऱ्यापासून... पाच वाव," म्हातारा म्हणाला. "आडवं... तीन."

दोन्ही हात पसरले की या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत जेवढं येतं, तो एक वाव. तळ्यावर दोर, जाळं, पाण्याची खोली, सगळं वावानंच मोजतात. फूट-मीटर कळत नाहीत असं नाही, पण टेप घरी राहतो आणि हात कधी घरी राहत नाहीत. ताड्यानं दोर उचलला, छाती ताणून हात पसरले, पाच वाव भरले, आणि उंबऱ्यापासून दोर ओढत नेला. शेवटची खुंटी जिथं आली तिथं परटिणीची वाट होती.

परटीण ही शेजारीण. ताड्याच्या आईच्या वयाची, एकटी; तो तिला मावशी म्हणायचा. तिच्या घराची भिंत आणि ताड्याचं घर, यांच्या मधून एक बोळवजा वाट खाली धुण्याच्या दगडांकडे जायची. तिथूनच ती धुण्याची हातगाडी ढकलत न्यायची, आणि ओलं धुणं घेऊन दम खात वर आणायची. घर पडलं त्या रात्री पोरगी तिच्याकडेच झोपली होती. गाळात लडबडलेले यांचे सगळे कपडे, गोधड्या, चादरी तिनं न सांगता उचलून नेल्या, कितीदा पाण्यातून काढल्या देव जाणे, आणि इस्त्री करून आणून दिल्या. ताडपत्रीखाली सगळ्याला चिखलाचा वास यायचा, पांघरुणाला तेवढा तिच्या साबणाचा यायचा.

"अहो, वाट जरा चिंचोळी झाली का?" बायकोनं विचारलं.

"बाबा पाच वाव म्हणाले ना? मी काय पदरचं घातलं?" ताड्या म्हणाला, आणि दगडानं खुंटी आणखी खोल ठोकली.

दुसऱ्या दिवशी परटीण गाडी घेऊन आली तर चाक खुंटीला अडलं. तिनं एक बाजू उचलून गाडी पलीकडे घेतली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काय रे ताड्या," ती हसत म्हणाली, "घरानं चांगलंच बाळसं धरलंय की!"

बोलली ती थट्टेतच. ताड्याला मात्र ते मिरची झोंबावं तसं झोंबलं. आपली काही चूक नसताना कोणी चेष्टा केली तर माणूस हसून सोडून देतो. त्याला हसता आलं नाही, तेव्हाच त्यानं स्वतःला दोन प्रश्न विचारायला हवे होते. पण तो जाळं विणायला बसला.

सकाळी उठून पाहतो तर खुंटी आत सरकलेली. हातभर आत, नीट ठोकलेली, दोर पुन्हा ताणून बांधलेला. ताड्यानं ती उपटली आणि परत आपल्या जागी नेऊन ठोकली. पुढच्या सकाळी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या सकाळीही तेच. ताड्याचं डोकं फिरलं. समिती यायची वेळ जवळ आलेली. खुंटी अशी नाचताना कोणी पाहिली तर जागेचा तंटा आहे म्हणतील, आणि तंट्याच्या जागेला कोण हो म्हणणार?

"मावशीच असणार," तो बायकोला म्हणाला. "दुसऱ्या कोणाला पडलंय?"

"मग जाऊन नीट विचारा. आपली माणूस आहे."

नीट विचारण्याएवढा दम त्याच्यात असता तर ही गोष्ट सांगायचं कारणच नव्हतं. तो तरातरा दगडांवर गेला. धुण्याची वेळ, बाया ओळीनं बसलेल्या. परटीण गुडघाभर पाण्यात उभी राहून चादर आपटत होती.

"मावशी, खुंटी कशाला उपटतेस?"

"कसली खुंटी?"

"सोंग नको घेऊस. समोर हसायचं आणि मागून खुंट्या हलवायच्या?"

"अरे, माझे हात दिवसभर साबणात," ती म्हणाली. "तुझ्या खुंट्या उपटायला मोकळे कधी असतात?"

बाया हसल्या. तेवढ्यानं ताड्याची जीभ सैल सुटली. तिनं आणलेले कपडे, पोरीला दिलेला भात, काही काही त्याच्या डोळ्यांसमोर आलं नाही.

"एवढी रुंद वाट तुला हवी कशाला गं?" तो ओरडला. "तुझ्या दाराशी येतंय कोण? पोटचा पोरगा तरी फिरकतो का?"

परटिणीचा पोरगा शहरात गेला होता तो परत आला नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि आजवर तिच्या तोंडावर कोणी बोललं नव्हतं. दगडांवरचं आपटणं थांबलं. परटिणीच्या हातातली चादर पाण्यात पसरत चालली, तिनं ती धरली नाही. शेजारच्या बाईनं वाकून धरली. परटिणीनं पदरानं हात कोरडे केले, एकेक बोट पुसलं, आणि मग पुन्हा चादर हातात घेतली.

ताड्या वर आला तेव्हा बायको वाटेतच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"कसला... आवाज?" आतून म्हाताऱ्यानं विचारलं.

"काही नाही, बाबा," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे न बघता आत गेली. त्या दिवशी तिनं त्याला जेवायला वाढलं, पण "घ्या आणखी" म्हणाली नाही.

समिती यायच्या दिवशी ताड्या उजाडायच्या आधीच उठून होडीमागे दबा धरून बसला. आज तिला रंगेहाथ धरायचीच. तळ्यावर धुकं होतं, गुडघे गारठून आले होते. जरा वेळानं ताडपत्रीच हलली. बाहेर आला तो म्हातारा.

काठी टेकत, डावा पाय फरफटवत तो उंबऱ्याच्या दगडापाशी गेला. खाली बसला. कमरेचा जुना दोर सोडला. दोराचं टोक गळ्याखालच्या खळग्याशी हनुवटीनं दाबून धरलं आणि उजवा हात लांब केला. हा अर्धा वाव. तिथं दोर चिमटीत धरून पुन्हा हनुवटीखाली, पुन्हा हात लांब. हा एक. डावा हात कामातून गेलेला, म्हणून एकाच हातानं दोनदा मोजून तो वाव भरत होता. ओठ हलत होते. पाच झाले तशी त्यानं टोक दगडाखाली अडकवलं आणि दोर धरून सरपटत निघाला. ताड्याच्या खुंटीपर्यंत पोचायच्या आधीच दोर संपला. म्हाताऱ्यानं चाचपडत खुंटी शोधली, छातीचा भार देऊन हलवली, उपटली, आणि दोर संपला होता तिथं ठोकू लागला.

"बाबा!"

म्हातारा दचकला. "कोण? तू होय? बरं झालं... धर ही. रोज कोणीतरी... पुढं नेतं रे."

"कोण नेतं?"

"कोण जाणे. चोरच म्हणायचा. मी... जागेवर आणतो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू... भांडत सुटला असतास," म्हातारा म्हणाला. "उगाच कोणालातरी... बोलून बसला असतास."

ताड्याला कोणी तोंडात मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"बाबा, मीच ठोकली होती तिथं," तो म्हणाला. "पाच वाव मोजून."

म्हाताऱ्यानं हात चाचपडत वर नेला. ताड्याचा खांदा, दंड, कोपर, मनगट, असं करत बोटांपर्यंत पोचला. मग हसायला लागला. तोंड एकाच बाजूनं हसायचं.

"अरे गाढवा, घर मी बांधलं... माझ्या हातानं. तुझा वाव कसा चालेल? दोर आणायला... तुलाच का धाडायचो आपण?"

हसून हसून त्याला ठसका लागला. ताड्या त्याची पाठ चोळत राहिला. दोर आणायला लांब हाताचा माणूस धाडायचा, हे त्याला पोरवयापासून ठाऊक होतं. दोरवाल्याकडे छाती ताणून हात पसरताना तो मनात खूश व्हायचा. त्या दिवशी खुंटी ठोकतानाही छाती त्यानं तशीच ताणली होती. खुंटी वाटेत आली हे त्याला तेव्हाच दिसलं होतं, आणि 'हातभर जागेनं कोणाचं काय जातंय' म्हणून त्यानं ती ठोकली होती. चुकून झालं असं म्हणायलाही आता वाव राहिला नव्हता.

"जा, तिच्याकडे जा," बायकोनं फक्त एवढंच म्हटलं, आणि त्याच्या पुढ्यात सदरा टाकला. परटिणीनंच इस्त्री केलेला.

परटीण दारात बसून इस्त्रीत कोळसे भरत होती. ताड्या समोर जाऊन उभा राहिला. येताना वाटभर त्यानं शब्द जुळवले होते. मावशी, माझं चुकलं. यात अवघड काय आहे? लहान पोरंही म्हणतात. पण तिनं वर बघितलं आणि त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"मावशी," तो म्हणाला, "आज समिती येणार आहे."

परटिणीनं इस्त्रीचं झाकण लावलं.

"हो, कळलं मला," ती म्हणाली. "येईन मी. घाबरू नकोस."

ती समजली की हा आपली हरकत नसावी म्हणून गळ घालायला आलाय. समजणारच. समितीच्या दिवशी सकाळी, इस्त्रीचा सदरा घालून आणखी कशाला कोण येतं? ताड्याचे कान तापले. 'तसं नाही गं' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, पण ती आत निघून गेली होती. तो परत फिरला.

समिती आली. अध्यक्ष म्हणजे गिरणीवाला, भुवयांवरसुद्धा पीठ. दोघं-तिघं सभासद, हातात टेप घेतलेला कारकून, आणि फुकटची करमणूक बघायला आलेलं निम्मं गाव. म्हाताऱ्याला होडीला टेकवून बसवलं होतं. परटीण आपल्या भिंतीपाशी हातगाडी धरून उभी होती.

"घर केवढं म्हणालास?" गिरणीवाल्यानं विचारलं.

"पाच वाव, आडवं तीन."

"हा टेप मग कशाला आणला मी?" कारकून कुरकुरला.

"ठेव खिशात. ताड्या, मोजून दाखव सगळ्यांसमोर. पण हात जरा बेतानं पसर बाबा, नाहीतर घर आमच्या गिरणीपर्यंत यायचं!"

सगळे खो खो हसले. ताड्या दोर घेऊन उंबऱ्याच्या दगडावर उभा राहिला. हात बेतानं पसरून मोजला असता तर दोर आतल्या खुंटीपाशी बरोबर संपला असता. कोणाला काही कळलं नसतं. घर मिळालं असतं, विषय मिटला असता. आणि दगडांवरच्या बायांनी जन्मभर परटिणीलाच खुंट्या उपटणारी म्हटलं असतं. बायको पोरीला कडेवर घेऊन त्याच्याकडे बघत होती.

त्यानं दोर खाली टाकला.

"माझ्या हातानं नको," तो म्हणाला. "हे घर बाबांच्या हाताचं आहे. माझा हात मोठा आहे. मी मोजलं आणि खुंटी मावशीच्या वाटेत नेऊन ठोकली. बाबा ती रोज मागं घेत होते. मावशीनं हातसुद्धा लावला नाही. मी तिला बाया-माणसांत जे बोललो..."

समोर कोणी खोकलं.

"म्हणजे जागा लाटत होतास?" गिरणीवाल्यानं विचारलं. आता तो हसत नव्हता.

"हो."

"तुझा हात मोठा आहे हे तुला माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

होडीपाशी म्हातारा मान वळवून ऐकत होता. "कोणाला... काय बोलला?" तो सुनेला विचारत होता. तिनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग कोणीतरी शहाण्यानं वाकून त्याच्या कानात सांगितलं, अगदी शब्दन् शब्द. म्हाताऱ्याचा चेहरा उतरत गेला आणि तो पाण्याकडे तोंड करून बसला. ताड्यानं ते पाहिलं. एवढा उंच माणूस, पण त्या घडीला त्याला कुठं उभं राहावं ते कळेना.

"अशाला टेकाडावरच पाठवा," एक सभासद म्हणाला. "आज वाट घेतली, उद्या तळं घेईल."

दोन माना हलल्या. गिरणीवाल्यानं भुवयांवरचं पीठ झटकलं आणि परटिणीकडे वळला.

"बाई, शेजारीण तू. हरकत असली तर आत्ता सांग. तुझ्या शब्दावर आहे."

परटिणीनं गाडी ढकलली. म्हाताऱ्यानं ठोकलेल्या खुंटीच्या शेजारून, आपल्या भिंतीला न घासता, गाडी अलगद खाली निघून गेली. ती थांबली.

"वाट आहे तेवढी पुरते," ती म्हणाली. "हरकत नाही."

"आणि हा तुला बोलला ते?"

"ते तुमच्या समितीत बसत नाही," परटीण म्हणाली. "म्हातारा आणि पोर उघड्यावर आहेत. हरकत नाही म्हटलं ना!"

ताड्याकडे तिनं पाहिलंच नाही. गिरणीवाल्यानं म्हाताऱ्याच्या गळ्याखालच्या खळग्यापासून बोटापर्यंत दोर धरला, दहा वेळा. खुंटीपाशी बरोबर पाच वाव भरले. समितीनं हो म्हटलं. बायको कोपऱ्यात जाऊन डोळे पुसून आली. पोरगी खुंट्यांभोवती पळायला लागली, आपलं घर, आपलं घर म्हणून.

मग कामं सुरू झाली. गाळ उपसायचा, टेकाडावरून दगड वाहून आणायचे, माती तुडवायची. ताड्या सकाळी जाळं टाकून यायचा आणि अंधार पडेपर्यंत पायाच्या चरात राबायचा. पायांना भेगा पडल्या, खांद्याचं सालटं निघालं. वाटेकडची भिंत आली तेव्हा त्यानं खुंटी उपटली आणि आणखी हातभर आत घेतली.

"अहो, समितीनं तिथंवर दिलंय ना?" बायको म्हणाली.

"असू दे."

बायकोनं पाट्या भरून द्यायला सुरुवात केली. त्या दिवशी ताटावर बसल्यावर मात्र म्हणाली, "घ्या आणखी थोडं."

घर उभं राहिलं. परटीण घर बघायला आली, आतून फिरली, भिंतीवर हात फिरवून चांगली झालीय म्हणाली, पोरीच्या हातावर खाऊ ठेवला, म्हाताऱ्याजवळ बसून त्याच्या पायाची चौकशी केली. ताड्याशीही बोलली. सगळं पहिल्यासारखंच होतं. फक्त धुणं घेऊन ती आता त्या वाटेनं उतरत नव्हती. वरच्या रस्त्यानं, गिरणीला वळसा घालून, पलीकडच्या काठाला जायची. त्या वयात, ओलं धुणं भरलेली गाडी घेऊन. गाडीच्या चाकाची कुई-कुई वरच्या अंगानं जायची आणि ताड्या हातातलं काम थांबवून ती ऐकत राहायचा.

एक दिवस तो पुढं जाऊन गाडीला आडवा उभा राहिला.

"मावशी, इतका वळसा कशाला घेतेस? वाट मोकळी आहे. मी आणखी रुंद केलीय, बघितलीस ना?"

"बघितली रे," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "फार रुंद झालीय. माझ्या दाराशी येतंय कोण? एवढी रुंद वाट मला कशाला?"

तो बाजूला झाला. ती गाडी ढकलत निघून गेली.

पावसाळा पुन्हा आला. वाटेवर कोणाचं पाऊल पडत नव्हतं, त्यामुळे गवत माजलं. ताड्या दर आठवड्याला बसून ते उपटायचा, दगड बाजूला करायचा, चिखलात वाळू टाकायचा. म्हातारा उंबऱ्याच्या दगडावर बसून गवत उपटल्याचा आवाज ऐकायचा.

"परटीण येत नाही रे इकडून," एक दिवस तो म्हणाला. "वाट... अडली का कुठं?"

"नाही, बाबा," ताड्या म्हणाला. "वाट मोकळी आहे."